एका तालमीतली जोड

आमच्या गावाची वस्ती दोन हजार सातशे. त्यातली शंभर-सव्वाशे माणसं गेले सात महिने दर रविवारी दुपारी एक ते दोन या वेळात रोममध्ये असतात. गाव विट्यापासून अकरा किलोमीटर आत. रोमला जायचं म्हणजे तालमीच्या पडवीत येऊन बसायचं, एवढंच.

पडवीतला टीव्ही पृथ्वीराजनं दिलेला. त्याचं कोइमतूरला गलाईचं, म्हणजे सोनं गाळायचं दुकान आहे. पोरांनी मोठमोठ्या कुस्त्या बघाव्यात, चार डाव शिकावेत, म्हणून त्यानं तो दिला. पोरांनी दोन रविवार कुस्त्या बघितल्या. तिसऱ्या रविवारी ‘लाल वाळू’ सुरू झाली. तलवारी घेऊन रिंगणात लढणाऱ्या रोमच्या ग्लॅडिएटरांची ही मालिका, मराठीत डब केलेली. चौथ्या रविवारी बायका आल्या. ज्या तालमीच्या उंबऱ्याला पन्नास वर्षांत बाईचा पाय लागला नव्हता, तिथं आता पुढच्या पाच रांगा बायकांच्या असतात आणि पहिलवान मागं भिंतीला टेकून उभे. जागेबद्दल एकदाच तक्रार आली. ती पहिलवानांनी केली होती आणि बायकांनी ती ऐकूनसुद्धा घेतली नाही.

मालिकेचे नायक दोन, कास्तोर आणि व्हेरस. एकाच मालकाच्या आखाड्यात वाढलेले, एका ताटात जेवणारे. आमच्याकडं दुसऱ्याच आठवड्यात त्यांचे कस्तुऱ्या आणि वीरू झाले. कस्तुऱ्याच्या बाजूनं बायका, वीरूच्या बाजूनं पोरं, आणि दोघांच्या वर शेवटचा शब्द गुंडा वस्तादांचा. वस्ताद म्हणजे आमच्या तालमीचे गुरू, वय सदुसष्ट. ते मागं खुर्चीत बसत आणि पडद्याकडं बघून पुटपुटत, “डावी बाजू उघडी पडली बग त्येची.” पुढच्या क्षणाला तिथंच वार बसायचा. वस्तादांनी हे सगळे भाग आधीच कुठंतरी बघितलेत, असा काही बायकांचा बरेच दिवस संशय होता.

शेवटून दुसऱ्या भागात रोमच्या बादशहानं फर्मान काढलं. अखेरची लढत कस्तुऱ्या आणि वीरू यांच्यात, आणि दोघांतला एकच जिवंत बाहेर येणार.

पडवीत जो गलका झाला तो मरणाबद्दल नव्हता. सात महिन्यांत चाळीसएक माणसं मेलेली आम्ही शेंगा खात बघितली होती. गलका झाला तो जोडीबद्दल. आमच्या भागात एका तालमीतली, एका वस्तादाच्या हाताखालची दोन पोरं मैदानात एकमेकांशी लढवत नाहीत. तालमीत रोज झोंबतील, एकमेकांची हाडं खिळखिळी करतील, पण गावोगावच्या लोकांपुढं त्यांची जोड लागायची नाही. हा नियम कुठं लिहिलेला नाही म्हणूनच तो कुणी मोडत नाही.

“ह्येंच्यात कुनी वस्ताद हाय का न्हाई?” तानुबाईंनी विचारलं. तानुबाई म्हणजे गुंडा वस्तादांच्या मंडळी, पहिल्या रांगेत मधोमध.

कोइमतूरहून पृथ्वीराजचा फोन आला. त्यानंही तिकडं बघितलं होतं. “चॅनेलला पत्र लिवा,” तो म्हणाला. “तालमीच्या शिक्क्यानिशी.”

आणि पत्र खरोखरच लिहिलं गेलं. शंभूराज हा तालमीतला त्यातल्या त्यात शिकलेला पहिलवान, त्यानं ते लिहिलं. ‘सदर जोड नियमास धरून नाही, तरी ती रद्द करून दोघांनाही योग्य वजनाचे प्रतिस्पर्धी द्यावेत.’ खाली चौसष्ट सह्या झाल्या. ही मालिका परदेशात कधीच चित्रित होऊन गेलीय, हे त्या चौसष्टांतल्या निदान साठ जणांना माहीत होतं. तरी सही केली, कारण चूक दिसली तर पंचाला सांगायचं असतं.

पत्र वस्तादांपुढं आलं तेव्हा शंभूराज म्हणाला, “आन् न्हाईच बदलली जोड, तर एक जन सोडनार बगा वस्ताद. दोस्तासाठी मुद्दाम पडनार.”

वस्ताद उठले. सही न करता, वहाणा घालून घरी गेले.

शंभूराज सव्वीस वर्षांचा, त्याला काय माहीत. पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांना माहीत होतं.

बेचाळीस वर्षांपूर्वी माण भागातल्या एका जत्रेत असंच घडलं होतं. गुंडा आणि म्हसवडचा अर्जुना, दोघंही याच तालमीत राहायचे, एकाच चुलीवर भाकऱ्या भाजायचे. अर्जुनाचा प्रतिस्पर्धी मैदानात आलाच नाही. त्या वेळचे वस्ताद आजारी, गावाकडं. लोक ऐकेनात. “लावा ह्या दोघांचीच,” असा आरडाओरडा झाला आणि लागली. अर्जुना वजनानं दहा किलो जास्त, ताकदीनं त्याहून जास्त. तालमीत सहा वर्षांत गुंडानं त्याला एकदाही पाडलं नव्हतं. त्या दिवशी अठराव्या मिनिटाला गुंडानं ढाक लावली, म्हणजे त्याचा हात काखेत धरून कमरेवरून पलीकडं फेकलं, आणि अर्जुना चितपट झाला. उठला तो हसत. गुंडाला मिठी मारली, आणि संध्याकाळच्या एसटीनं म्हसवडला गेला तो परत तालमीत आलाच नाही.

लोक म्हणाले, सोडली. दोस्तासाठी सोडली. अर्जुनाचं नाव झालं. गदा गुंडाला मिळाली आणि मोठेपणा अर्जुनाला. ठरवून केलेल्या कुस्तीला आमच्याकडं नुरा म्हणतात, आणि पहिलवानाला याहून वाईट शिवी नाही. गुंडाला वाटलं, मला न विचारता यानं मला नुरा खेळवला. पुढं त्यांनी तीन-चार वर्षं कुस्त्या मारल्या, मग पोरं घडवायला लागले. ‘सोडणारा माझ्या तालमीत ऱ्हायचा न्हाई’ हा त्यांचा पहिला धडा. पण ती ढाक खरी लागली होती की नाही, एवढंच त्यांना जन्मभर जाणून घ्यायचं होतं आणि ज्याला विचारायचं त्याच्याशी ते बोलत नव्हते.

बायकांचं मात्र चालू होतं. अर्जुनाची राहीबाई ही तानुबाईंची चुलत बहीण. नवरे बेचाळीस वर्षं अबोल, आणि या दोघींचा मंगळवारचा फोन कधी चुकलेला नाही. त्या मंगळवारी दोघींनी कस्तुऱ्याच्या जिवाची चर्चा अर्धा तास केली. मग तानुबाई म्हणाल्या, “राही, ह्ये जेवत न्हाईत गं. धा भाकरीचं मानूस, दोन खातंय. रविवारी पडवीत येनार न्हाई म्हंत्यात.”

“आमचं बी तसंच. टीव्ही लावला की उठून जात्यात.”

“मग घिऊनच ये त्यास्नी.”

“कसं आनू? म्हशीगत दावं लावून?”

“मला शेवटचा भाग तुज्याबरूबर बगायचाय म्हनून रडती म्हनावं. रडाय न्हाई आलं तर मी फोनवर रडती.”

रडायची वेळ आली नाही. राहीबाई मला नंतर म्हणाल्या, “मी नुस्तं तोंड उगडलं, तर ह्यांनी पिशवीत धोतर घातलं बी व्हतं.”

रविवारी शेवटचा भाग दोन तासांचा होता. साडेबारालाच पडवी भरली. खंडाळ्याला दिलेली एक लेक माहेरी आली होती, आणि तिची सासूही. वस्तादांची खुर्ची रिकामी होती, पण तिच्यावर कुणी बसलं नाही. चॅनेलकडून पत्राला उत्तर आलं नाही म्हणून शंभूराज थोडा खट्टू होता.

राहीबाई येऊन तानुबाईंच्या शेजारी बसल्या. अर्जुना बाहेरूनच वस्तादांच्या घराकडं वळला होता. तानुबाईंनी पाच मिनिटं कळ काढली, मग चष्मा विसरला म्हणून उठल्या. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता. पुढचं मला त्यांच्याकडूनच कळलं. त्या दाराआड उभ्या राहिल्या.

वस्ताद ओट्यावर बसलेले. अर्जुना समोर उभा, पांढरं धोतर, कोरी टोपी.

“बस म्हनशील का न्हाई?” अर्जुना म्हणाला.

“बस.”

बसला. दोघांची तोंडं रस्त्याकडं.

“म्हातारा झालास,” वस्ताद म्हणाले.

“तू बी काय पोरगा दिसंनास.”

मग वस्तादांनी मान न वळवता विचारलं. “एकच सांग. सोडलीस का पाडली?”

अर्जुनानं टोपी काढून मांडीवर ठेवली. “पाडलीस.”

“बरं वाटावं म्हनून म्हनू नगंस.”

“गुंडा, तुला बरं वाटावं म्हनून एवढ्या लांब यील का रं मी? पाडलीस. काकंत हात धरलास तवाच मला कळलं, ह्यो जातोय आता. खांदा निसटला माजा. कडकन् आवाज आला, हलगीत कुनाला ऐकू गेला न्हाई. ह्यो बग.” त्यानं उजवा हात उचलला. तो खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि तिथंच थांबला. “एवढाच जातुया. एसटीत अठ्ठावीस वर्सं कंडक्टरकी केली, घंटी डाव्या हातानं वडली.”

वस्ताद त्या हाताकडं बघत राहिले. “मग हसलास का?”

“रडू यीत व्हतं म्हनून.”

“आन् लोकं म्हनत व्हती सोडली, तवा?”

अर्जुनानं मांडीवरची टोपी उलटी केली. “गप बसलो. तीच माजी चूक. पैल्या दिवशी वाटलं, उद्या सांगू. मग म्हसवडला सगळी मानाय लागली, दोस्तासाठी कुस्ती सोडलेला मानूस. लग्नात पैला फेटा मला. पोरगी द्याय आलेली मानसं बी तेच आयकून आलती. हारल्यापरीस ते बरं व्हतं, गुंडा. तुजी कुस्ती मी बसून खाल्ली.”

तानुबाई सांगत होत्या, आता हे मारतात की काय म्हणून त्या दारातून अर्ध्या बाहेर आल्या. वस्ताद उठले होते. पण त्यांनी वहाणा घातल्या.

“चल,” ते म्हणाले.

“कुटं?”

“जितं मानसं हाईत तितं.”

पडवीत तेव्हा कस्तुऱ्या आणि वीरू रिंगणाच्या दारात उभे होते, एकमेकांच्या चिलखताचे पट्टे आवळून देत. पुढच्या रांगांतून हुंदके सुरू झाले होते. दारं उघडणार एवढ्यात जाहिराती लागल्या, आणि मागून वस्तादांचा आवाज आला, “आवाज बारीक करा.”

तालमीत या आवाजावर पोरं हजार जोर काढतात. रिमोट ज्याच्याकडं होता त्यानं आवाज बारीक केला नाही, बंदच केला.

वस्तादांनी अर्जुनाला पुढं आणलं. पडद्यावर एक बाई मुक्यानं भांडी घासत होती, तिच्यापुढं अर्जुना उभा राहिला. मैदानात निकाल पुकारतात तसा ताठ.

“मी म्हसवडचा अर्जुना,” तो म्हणाला. “जुन्यांनी वळकलं आसंल. बेचाळीस वर्सांमागं गुंडानं मला पाडला. ढाकंवर, चितपट. मी सोडली न्हवती. सोडली म्हनून जे बोलत्यात ते खोटं हाय, आन् ते मी बोलू दिलं.”

मी राहीबाईंकडं बघितलं. लग्नाआधीपासून ऐकलेली गोष्ट त्या नवऱ्याच्या तोंडून मोडताना ऐकत होत्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि तानुबाईंना हळूच म्हणाल्या, “म्हनूनच ह्यास्नी सदऱ्यात हात घालाय मी लागती.”

मागच्या भिंतीकडून एक टाळी पडली. शंभूराजची. मग बाकीच्यांच्या. वस्तादांनी हात वर करून त्या थांबवल्या, कारण जाहिराती संपत आल्या होत्या. आणखी एक खुर्ची आणली गेली. अर्जुनाला बसवताना वस्तादांनी त्याला डाव्या बाजूनं धरलं.

लढत वीस मिनिटं चालली. पडवीत शेंगा फोडल्याचा आवाजही नव्हता. शेवटी कस्तुऱ्या मागं रेटला गेला, अडखळला आणि पाठीवर पडला. तलवार हातातून सुटून लांब गेली. वीरूची तलवार त्याच्या गळ्याशी आली.

“सोडली,” पोरं एकदम म्हणाली. “सोडली त्यानं.”

“न्हाई,” वस्ताद म्हणाले. “टाच सरकली त्येची.”

“वाळू वली हाय तितं,” अर्जुना म्हणाला.

“आन् त्यो वीरू रेटतोय कसा बग. खालनं रेटतोय. त्येचं बी काय हाय का न्हाई?”

“तर. चांगला रेटलाय की.”

बादशहानं हात पुढं केला. अंगठा अजून आडवाच होता. पुढच्या पाच रांगांत श्वास घ्यायचं बंद झालं होतं, आणि मागं दोन म्हातारे टाचेवर बोलत होते. तानुबाईंनी मान वळवली.

“आवं, गप बसा की. तितं कस्तुऱ्याच्या जिवावर बेतलंय.”

दोघांनी आवाज खाली आणला. कस्तुऱ्याचं काय झालं ते तुम्हाला गावात कुणीही सांगेल, त्या दोघांना सोडून. वस्तादांचा हात अर्जुनाच्या उजव्या खांद्यावर होता आणि बोटांनी ते हाड कुठवर सरकलंय ते चाचपत होते. पहिलवानांच्या हाडांचं काम त्यांच्याइतकं या पंचक्रोशीत कुणाला येत नाही.

“चार दिस ऱ्हा,” ते म्हणाले. “रोज सकाळी त्याल लावून चोळून देतो.”

“बेचाळीस वर्सांनी काय व्हनार हाय त्येला?”

“काय न्हाई व्हनार,” वस्ताद म्हणाले. “तरी ऱ्हा.”