बुधवारची पेटी

सलूनवाल्याने पंधरा दिवस स्वतःची दाढी केली नव्हती. बायको म्हणाली, एक तर दाढी काढा, नाहीतर दुकानावरची पाटी तरी. तो हसला नाही. हसायलाही अंगात त्राण लागतं.

दर बुधवारी दुकान बंद ठेवून तो मनोरुग्णालयात जायचा आणि वॉर्डातल्या पुरुषांच्या दाढ्या करायचा. सहा वर्षांपूर्वी तो तिथे आपल्या चुलत्याची दाढी करायला गेला होता. आटोपून मागे वळतो तर सतरा जण गुमान रांगेत उभे. हे काम देवाने आपल्याला नेमून दिलं, हे त्याला तिथेच कळलं. चुलता पुढे वारला, रांग राहिली.

आता गल्लीत कुणीतरी पिल्लू सोडलं होतं की वेड्यांचा वस्तरा आपल्याही गालावर फिरतो. खरं तर तिथली सामानाची पेटीच वेगळी होती. त्याने ती उघडून दाखवली, शपथा घेतल्या. पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? खुर्च्या रिकाम्या पडू लागल्या. रोज सकाळी शटर उचलताना तो मनात म्हणायचा, देवा, पुरे झालं, आता रजा दे. देव हूं की चूं करत नव्हता.

मंगळवारी निवृत्त हेडमास्तर आले, सोबतचे दोघे बाकावर बसले. गल्ली त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती. एक गाल झाला, दुसऱ्यावर फेस होता, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की उद्या जाऊ नकोस. पुन्हा तिथे जाणार नाही असं इथे सगळ्यांसमोर कबूल कर, संध्याकाळपासून गिऱ्हाइकं परत येतील. नाहीतर समोरच्या गाळ्यात दुसरा माणूस येतोय.

सलूनवाल्याने वस्तरा खाली ठेवला. तो घाबरला होता, साफ घाबरला होता. हो म्हणायचं, असंच त्याने ठरवलं होतं.

"सर, मी रोज देवाकडे रजा मागतो," तो म्हणाला. "त्याने दिली नाही, ती तुमच्याकडून कशी घेऊ?"

सर उठले, रुमालाने फेस पुसला आणि अर्ध्या दाढीनिशी चालते झाले. बाकावरचे दोघेही त्यांच्यामागे गेले. एरवी गल्ली आठवडाभर हसली असती.

बुधवारी बायकोने पेटी पुढे केली. "मला काही हे पटत नाही," ती म्हणाली. "डबा भरलाय, वेळेवर खा."

वॉर्डात रांगेत पहिला नेहमीप्रमाणे म्हातारा पोस्टमन होता. सहा वर्षांत त्याच्या तोंडून अवाक्षर निघालं नव्हतं. आज तो खुर्चीत बसेना. त्याने सलूनवाल्याकडे निरखून पाहिलं, वाटीतला ब्रश उचलला आणि खांद्याला धरून त्यालाच खुर्चीत बसवलं. वॉर्डबॉय धावला. सलूनवाल्याने हातानेच त्याला थांबवलं.

पोस्टमनने फेस लावला. सावकाश, कानाखालीसुद्धा, जसा त्याला स्वतःला दर बुधवारी लावला जायचा तसा.

"बसा थोडं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "दमलात."

सलूनवाल्याला रडू आवरेना. रांग न कुरकुरता उभी होती. देवाकडे त्याने रजा मागितली होती, आणि ही काही रजा नव्हती. पण दोन मिनिटं बसायला तरी सांगितलं होतं. तो दोन मिनिटं बसला. मग उठला, तोंड पुसलं आणि पोस्टमनसाठी खुर्ची झटकली.