कप्तान वणीला निघाला होता

मुलांनो, जरा डोळे मिटा बघू. समजा, तुमच्यासमोर एक टीव्ही आहे. भिंतीवर टांगलेला चपटा नव्हे, मागे पोट सुटलेला, लाकडी खोक्यातला. पडद्यावर मुंग्या नाचताहेत. गच्चीवर कुणीतरी अँटेना फिरवतंय आणि खालून सगळे ओरडताहेत, "आलं, आलं... अरे, गेलं!" आणि त्या मुंग्यांच्या गर्दीतून एक अंतराळयान हळूहळू पुढे सरकतंय. दिसलं? पुसटच दिसलं ना? तेव्हा तेवढंच दिसायचं. उरलेलं ज्याचं त्याने मनात भरून घ्यायचं.

आता डोळे उघडा आणि माझ्याबरोबर नाशिकला, गंगापूर रोडवरच्या एका घरात चला. तिथे सहावीतली स्वरदा राहते. तिचे आजोबा ढुंढिराज. ती त्यांना आबा म्हणते. आबा कॉलेजात होते तेव्हा दर रविवारी सकाळी 'शततारका' नावाची मालिका लागायची. वाट चुकलेलं एक यान, त्याचा कप्तान आणि त्याची माणसं, अशी ती गोष्ट. आबांच्या पिढीतले काहीजण त्या मालिकेवर इतका जीव टाकत की अजूनही त्यांचा फोनवर एक गट आहे. गटातले सगळे स्वतःला 'यात्री' म्हणवतात. गटावर रोज सकाळी कुणीतरी 'सुप्रभात, यात्रींनो' म्हणतं आणि दुपारपर्यंत भांडण लागलेलं असतं.

मालिका पाहायची तर त्यांच्याजवळ एकच साधन होतं. कुणीतरी टीव्हीवरून कॅसेटवर उतरवलेली, कॅसेटवरून पुन्हा कुणीतरी संगणकात घातलेली, धूसर, खरखरणारी प्रत. स्वरदाने ती आबांच्या मांडीवर बसून इतक्यांदा पाहिली होती की कुठली खरखर कुठे येते तेही तिला पाठ होतं.

गटातल्या महेशकाकांनी मात्र ध्यास घेतला होता. मालिका मुळात फिल्मवर चित्रित केलेली होती. फिल्म म्हणजे लांबच लांब पट्टी, तिच्यावर एकापुढे एक बारीक चित्रं. ती मूळ रिळं कुठेतरी सापडली, तर एकेक चित्र धुऊनपुसून नव्या यंत्रात घालता येतं आणि मग आजच्या टीव्हीवरही सगळं लख्ख दिसतं. महेशकाकांनी मालिकेच्या मालकांचा पिच्छा पुरवला, गटातल्या सगळ्यांनी विनवण्या केल्या. शेवटी रिळं एका गोदामात मिळाली. मालकांनी विचारलं, "चाचणीसाठी एकच भाग साफ करतो. कुठला करू?"

"शेवटचा!" असं सगळ्यात मोठ्याने कोण म्हणालं असेल? वणीचे भिकनआजोबा.

त्याला कारण होतं. शेवटच्या भागात यानाची सगळी यंत्रं बंद पडतात, माणसं धीर सोडतात, तेव्हा कप्तान सुकाणू हातात घेतो आणि म्हणतो, "आता वणी गाठायची!" हो, वणी. सप्तशृंगीच्या गडाखालची, द्राक्षांच्या मळ्यांतली आपली वणी. नाशिकच्या यात्रींना याचा भारी अभिमान. पुण्यामुंबईचे यात्री म्हणायचे, "काहीतरीच काय, अंतराळात वणी कुठून आली?" त्यावर भिकनआजोबांचं उत्तर ठरलेलं, "का? अंतराळात फकस्त पुन्याच्याच लोकांनी जायाचं का?"

पण भिकनआजोबांसाठी ते वाक्य नुसतं अभिमानाचं नव्हतं. ते नाशिकला कॉलेजात आले तेव्हा वसतिगृहातली मुलं त्यांच्या बोलण्याची नक्कल करायची. त्यांनी 'नाय' म्हटलं की मागून दहा जण 'नाय, नाय' करायचे. कंटाळून त्यांनी वळकटी बांधली. सोमवारच्या गाडीने गावी परत जायचं ठरलं. आणि रविवारी वसतिगृहाच्या टीव्हीवर कप्तान म्हणाला, आता वणी गाठायची! हॉलमध्ये एकच गलका झाला. ज्यांनी नक्कल केली होती त्याच मुलांनी भिकनला खांद्यावर घेतलं. "वणीकर! वणीकर!" सोमवारी वळकटी सुटली. त्या हॉलमध्ये टीव्ही पाहायला येणारा शहरातला एक मुलगा त्यांचा जन्माचा मित्र झाला. तो म्हणजे आपले आबा.

एक गोष्ट मात्र स्वरदाला कधी उमगली नव्हती. मालिका नव्याने साफ करायची म्हटलं की सगळे उड्या मारायचे, आणि आबा, जे सगळ्यांत जुने यात्री, तेच तोंड वाकडं करायचे. "जुनं आहे तेच बरं आहे," म्हणायचे. "मुंग्यांशिवाय मजा नाही."

शुक्रवारी साफ केलेला भाग आला. रविवारी दुपारी तो सगळ्यांनी भिकनआजोबांच्या घरी पाहायचा ठरलं होतं. पण नीट चालतोय ना, हे बघण्यासाठी स्वरदाने तो शनिवारीच घरी लावला. बाई गं, काय ते चित्र! कप्तानाच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसत होता. ती कौतुकाने बघत राहिली. मग शेवटचा प्रसंग आला, कप्तानाने सुकाणू धरलं, तोंड उघडलं, आणि स्वरदा ताडकन उठून बसली. तिने मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

ती बाल्कनीत धावली. आबा कुंड्यांना पाणी घालत होते.

"आबा, तो वणी नाही म्हणत! तो म्हणतो, 'आता अवनी गाठायची.' अवनी!"

आबांनी झारी खाली ठेवली. "हळू बोल," ते म्हणाले.

"पण आबा, अवनी म्हणजे..."

"पृथ्वी. माहीत आहे मला."

मुलांनो, तुम्हीच म्हणून बघा. 'आता अवनी' असं भरभर म्हणा. 'आता'मधला 'आ' पुढच्या 'अ'ला गिळून टाकतो की नाही? आणि न आणि ण यांतला फरक त्या खरखरीत कुठून कळणार?

"तुम्हाला कधी कळलं?" स्वरदाने विचारलं.

"त्याच दिवशी. आमच्या घरी स्तोत्रं, श्लोक फार. अवनी शब्द माझ्या ओळखीचा. मी तोंड उघडणार तेवढ्यात बघतो तर भिकन पोरांच्या खांद्यावर."

"मग दुसऱ्या दिवशी सांगायचं."

"दुसऱ्या दिवशी तो वळकटी सोडत होता गं."

म्हणून आबांना नवी प्रत नको होती, हे आता तिला कळलं. मग आबा म्हणाले, "स्वरदा, उद्या रिमोट तुझ्याकडे ठेव. ते वाक्य आलं की आवाज बंद कर. चुकून बटण दाबलं गेलं म्हणायचं. पोरीच्या हातून झालं म्हटल्यावर कोणी काही बोलणार नाही."

"आणि भिकनआजोबांनी पुन्हा लावायला सांगितलं तर?"

"तर पुन्हा चुकून दाब," आबा म्हणाले, पण त्यांना स्वतःलाच ते पटलेलं दिसलं नाही.

रविवारी दिंडोरीवरून वणीला जाताना स्वरदा एरवीसारखी बडबडली नाही. भिकनआजोबांकडे घर भरलं होतं. पडदे ओढून बैठकीत अंधार केला होता. नवा टीव्ही खास आजच्यासाठी पुसून ठेवलेला. शेजारीपाजारी, महेशकाका, नाशिकचे यात्री, सगळे दाटीवाटीने बसले.

चित्र सुरू झालं आणि हशाच हशा. आजवर मुंग्यांनी झाकलेलं सगळं उघडं पडलं होतं. भिकनआजोबांच्या पत्नी कुसाआजी पुढे सरकून म्हणाल्या, "अगं बया! त्यो दिवा न्हवं, ती तर पुरनाची चाळन हाय! मागून बल्ब लावलाय मेल्यांनी."

"वहिनी, ते दिशादर्शक यंत्र आहे," महेशकाका दुखावून म्हणाले.

"आसंल. पन पुरन बी गाळता यील."

स्वरदाच्या हातात रिमोट होता. अंगठा आवाजाच्या बटणावर. यानाची यंत्रं बंद पडली. माणसं रडू लागली. आबांनी तिच्याकडे पाहिलं.

"गप बसा सारे!" भिकनआजोबा म्हणाले. ते खुर्चीच्या अगदी कडेला आले आणि त्यांनी कानामागे तळवा धरला. "आता ऐका. आता साफ येतंय बगा."

तळव्याचा द्रोण करून ऐकायला बसलेल्या त्या माणसाकडे पाहून स्वरदाचा अंगठा हललाच नाही.

"आता अवनी गाठायची!" कप्तान म्हणाला. खणखणीत.

टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले.

"परत लाव गं," भिकनआजोबा म्हणाले.

तिने लावलं.

"ढुंढ्या, काय म्हन्ला रं त्यो?"

"वणी," आबा म्हणाले.

"खोटं नको बोलू. तोंड बी दिसतंय त्याचं आता." भिकनआजोबा आबांकडे वळले. "तुला म्हाईत व्हतं?"

आबांनी होकाराची मान हलवली.

"कवापासून?"

"तेव्हापासूनच. पहिल्या दिवशी सांगवेना, भिकन. मग रोज थोडा थोडा उशीर होत गेला."

भिकनआजोबा उठले. चपला पायात सरकवून बाहेर गेले. महेशकाका उगीचच टीव्हीच्या वायरी चाचपू लागले. आबा उठले, दारापर्यंत गेले आणि तिथेच थबकले.

स्वरदा मात्र त्यांच्या शेजारून बाहेर गेली. घरापुढे मोठं सारवलेलं खळं होतं, त्याच्या कडेला दगडावर भिकनआजोबा बसले होते. ती शेजारी बसली.

"रागावलात?"

"तुझ्यावर? नाय गं." ते समोर बघत राहिले. "मंग मी उगीचच थांबलो म्हनायचं त्या कालेजात. हाक मला नव्हतीच."

स्वरदाला जे खरंखुरं ठाऊक होतं तेवढंच ती बोलली.

"मी पण वणीच ऐकायचे. लहान असताना मला वाटायचं, यान तुमच्या खळ्यावर उतरणार. इथेच. पण हा शेवगा मध्ये येतो ना, त्याची मला फार काळजी वाटायची."

भिकनआजोबांनी शेवग्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"शेवगा नाय आडवा येत," ते म्हणाले. "मार्कंड्या डोंगराच्या बाजूनं आनलं तर."

"आणि द्राक्षबागेवरून?"

"छे छे! मांडवाच्या तारा तुटतील, लय नुसकान व्हईल. बागेवरून येऊच द्यायचं नाय त्याला. कप्तान असला म्हून काय झालं?"

"जागा पुरेल?" दारातून आबांनी हळूच विचारलं. "यानाचे तीन पाय मावले पाहिजेत, भिकन."

भिकनआजोबांनी मान वळवली नाही. "चार."

"तीन."

"चार व्हते! वर्सानुवर्सं सांगतोय तुला."

"अरे, तीनच होते. चौथी शिडी होती."

"शिडी? शिडी म्हन्तो!" भिकनआजोबा उठून उभेच राहिले. "आता साफ दिसतंय की सगळं. चल, बगू. चल आत! एक येळ फसवलंस, आता फसायचा नाय मी."

"चल की. मी काय भितो?"

दोघं एकमेकांच्या पुढे होण्याच्या घाईत दारात अडकले. आतून कुसाआजींचं हसू ऐकू आलं, आणि मग महेशकाकांचं ओरडणं, "अहो, थांबा, मी लावतो!"

स्वरदा आत गेली नाही. ती मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरली, कुसाआजींना विचारून रांगोळीचा डबा घेतला आणि पुन्हा खळ्यावर आली. शेवग्यापासून किती दूर राहायचं, ते तिने डोळ्यांनी मापलं. मार्कंड्या डोंगराकडे एकदा पाहून घेतलं. मग वाकून, चिमटीतून पांढरी रेघ सोडत, उलट्या पावलांनी मागे मागे सरत, ती एक भलंमोठं वर्तुळ काढू लागली.