दोन बोटांची जागा

“सुई कुठे टोचतेस ते दाखव,” नर्सबाई म्हणाल्या. सातव्या महिन्यातल्या शिंपीणबाईने आधी सासूकडे पाहिले.

शेजारच्या खोलीतून डॉक्टरांनी इन्सुलिन वाढवायला सांगितले होते, महिन्याभरात तिसऱ्यांदा. डोस चढत होता आणि साखर त्याच्या खांद्याला खांदा लावून चढत होती. नर्सबाईंना पाठीमागे सगळे ‘कोतवाल’ म्हणत. सव्वीस वर्षांत त्यांना बढती एकदाच मिळाली, तीही तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर. पेशंटच्या वहीतल्या आकड्यांवर त्यांचा विश्वास चोराच्या शपथेइतकाच.

सासूने न विचारताच खुलासा केला. मागचे मूल आठव्या महिन्यात पोटातच गेले, त्याचा आवाजही कानावर पडला नाही. साखर वाढल्याचे तेव्हा कुणाला कळलेच नव्हते. या खेपेला तिसऱ्या महिन्यापासून सून रोज चार वेळा टोचून घेत होती. एकदाही चुकली नव्हती. घरातून गोड हद्दपार झाले होते, आणि सासरेबुवा स्वतःला काही झालेले नसताना बिनसाखरेचा चहा पीत होते.

“पोटावर टोचायला शिकवलं होतं ना?”

“मीच नको म्हटलं,” सासू म्हणाली. “लेकराला लागलं तर? औषधही त्याच्या अंगात जायचं.”

सुनेने डावी मांडी दाखवली. हात टापटिपीचा, चार महिने तिने दोन बोटांच्या त्याच जागेत सुई घातली होती. तिथे आता दुखतच नाही, असे ती जरा अभिमानाने म्हणाली. नर्सबाईंनी डोळे मिटून बोट फिरवले. रोज तिथेच टोचून कातडीखाली रबरासारखी गाठ झाली होती.

औषध त्या गाठीतच अडकत होते. सुई कातडीखालच्या चरबीत थांबते, बाळ तिच्यापासून कितीतरी आत असते, आणि इन्सुलिन नाळेपलीकडे जात नाही, हे त्यांनी समजावून सांगितले.

“साखर मात्र थांबत नाही, आजी. ती थेट बाळाकडे जाते.”

सासूला आजवर कुणी आजी म्हटले नव्हते.

नर्सबाई डॉक्टरांकडे गेल्या. डोस वाढवू नका, उलट उतरवा. नव्या जागेतून तो पुरता लागेल आणि साखर एकदम कोसळेल. तरुण डॉक्टर उठून आले, त्यांनीही बोट फिरवले आणि लिहिलेला आकडा मुकाट्याने खोडला.

पोटाची कातडी चिमटीत धरून सुनेने स्वतःच सुई टोचली. आत बाळ निवांत लाथा मारीत राहिले. आठवड्याभरात कमी डोसवर साखर खाली उतरली. एवढ्याशा थेंबाचा हा कारभार पाहून सासू रोज नव्याने थक्क होई.

नववा महिना भरल्यावर मुलगी झाली. अशा बाळांचीही साखर तपासतात. नर्सबाईंनी तिच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतला. आकडा चांगला आला. पोरीने मात्र दवाखाना डोक्यावर घेतला. सासू लगबगीने तिला उचलायला वाकली.

“थांबा, आई,” सून हळूच म्हणाली. “रडू द्या थोडं.”

नर्सबाईंचे पुढचे तीन पेशंट खोळंबले होते. त्याही थांबल्या, आणि तिघी जणी ऐकत राहिल्या.