गच्चीवरच्या दिव्याचा ब्रेकर

मी एक ब्रेकर. वायरीत करंट जास्त झाला की खटकन पडणारा. बिबवेवाडीतल्या श्रीधर आगाशे यांनी १९९८ साली घरातला फ्यूज काढून मला बसवलं. त्यांची लेक नीरजा तेव्हा शाळेत होती. नऊ वर्षांनी ती आयटीत लागली, घरात एसी आला, माझ्या जागी मोठा ब्रेकर आला आणि मी बिस्किटांच्या डब्यात गेलो. श्रीधरराव काही टाकत नाहीत. "लागेल कधीतरी," म्हणतात आणि झाकण लावतात. त्या अंधारात मी अकरा वर्षं काढली, मोडक्या होल्डरांच्या संगतीत.

मग नीरजाने गच्चीवर सौर पॅनल घेतले. श्रीधररावांनी लगेच डबा उघडला.

"नवा ब्रेकर कशाला? हा आहे की. एकदाही दगा दिला नाही याने."

बसवायला आलेल्या माणसाने, उगाच वाद नको म्हणून, मला पॅनलच्या वायरींवर लावून टाकलं.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी जाम घाबरलो होतो. घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा क्षणभर शून्यावर येते, तेवढ्यात मी बंद होताना आत उडणारी ठिणगी विझवतो. पॅनलची वीज, जिला डीसी म्हणतात, ती मात्र सलग वाहते. ती ठिणगी माझ्याने विझणार नव्हती. आणि पॅनल धुण्यासाठी श्रीधरराव दर रविवारी स्वतःच्या हाताने मला बंद करणार होते. ओरडून सांगावं, तर तोंड कुठे?

सगळं सुरू करायच्या दिवशी तपासणीला सत्यशीला आली, लोणी काळभोरची वायरमन. तिने मला निरखून पाहिलं आणि श्रीधररावांचा पुढे आलेला हात अडवला.

"काका, ह्यो हितं चालायचा न्हाई. चालू पॅनलवर बंद केला तर आत जाळ हुईल."

"नऊ वर्षं इमानाने चालला, आणि आज एकदम नालायक?"

"नालायक न्हाई वो. ह्याचं काम येगळं हाय. हितं डीसीचाच लागतोय."

श्रीधररावांनी हात मागे घेतला. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

माझ्या जागी तिने डीसीचा ब्रेकर बसवला आणि मला तपासून गच्चीवरच्या दिव्याला जोडलं. रविवारी श्रीधररावांनी तिच्या सांगण्याप्रमाणे आधी पॅनलची वीज घरासाठी बदलणारा इन्व्हर्टर थांबवला, मग तो नवा ब्रेकर पाडला. खट्. काहीच झालं नाही. ते फडकं पिळत पॅनलकडे गेले, दोन्ही हात शाबूत. माझ्या पेटीवर आता त्यांच्या अक्षरात चिठ्ठी आहे: 'हा फक्त दिव्याचा. गैरसमज नसावा.'

तुमच्याही घरी असा डबा असेल. त्यातून आम्हाला काढाल तेव्हा आधी जाणत्याला विचारा. आम्हाला नाही म्हणता येत नाही.