बेस गेला कुठे

शुक्रवारी माझं धड जेवण होत नाही. अंधेरी एमआयडीसीतल्या एका डबिंग स्टुडिओत मी आवाज कापायचं काम करते. दीड वाजता सगळे डबे उघडतात आणि मी हेडफोन चढवते, कारण शुक्रवारी लंडन-ब्रिस्टलच्या लेबलांचा, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपन्यांचा, नवा माल येतो. यूके गॅराज, बेस म्युझिक, त्यांची चुलत-मावस भावंडं. क्लबात वाजवणाऱ्या डीजेंसाठीच काढलेली दीडशेच्या आसपास गाणी. पुढेमागे नुसता ठेका सोडलेला, म्हणजे एका गाण्यातून दुसऱ्यात शिरता येतं. त्यातली सव्वाशे कचरा असतात. एकाच छापाचे ड्रम आणि एकाच बाईचा चिरका केलेला आवाज. पण उरलेल्या पंधरा-वीसांसाठी मी आठवडाभर जगते.

साध्या क्लबच्या गाण्यात चार ठोके सरळ पडतात, पावलं टाकल्यासारखे. गॅराज त्यातले दोन गाळतं. पाय पडायचा तिथे जमीनच नसते, आणि तुम्ही पडणार तेवढ्यात खालून बेस, तो छातीत बसणारा जाड आवाज, येऊन झेलतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घाटकोपरच्या मेट्रोच्या जिन्यात मध्येच थांबले होते. मागचा माणूस शिव्या घालत गेला. घालू दे.

त्या पंधरा-वीसांची यादी मी श्रेयसला पाठवायचे. श्रेयस म्हणजे अंधेरीच्या एका क्लबात दर रविवारी दुपारी चारला होणाऱ्या पार्टीचा मुख्य डीजे. घर पार्ल्याचं, आईवडील दोघं डॉक्टर, कान बरा, आळस भयंकर. दीड वर्षं तो माझी यादी वाजवत होता आणि लोक त्याला विचारत होते, भाई, तू हे शोधतोस कुठून? तो नुसता हसायचा.

आणि त्या मार्चमध्ये ब्रिस्टलच्या एका लेबलनं माझं गाणं घेतलं. माझं, नीलमचं, देवनारच्या पोटमाळ्यावर बसून केलेलं. त्यांच्या नव्या संग्रहात चौथं. मेल वाचून मी स्टुडिओच्या संडासात जाऊन नाचले. खोटं कशाला सांगू.

खोटं मी दुसरीकडे बोलले. लेबलवाल्यानं विचारलं, क्लबच्या साउंड सिस्टिमवर वाजवून बघितलंस ना? मी लिहिलं, हो, बऱ्याचदा. कुठला क्लब, कुठली सिस्टिम, सगळं गाणं मी हेडफोनवर केलं होतं. पण 'नाही' लिहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, हौशी आहे. एप्रिलमधल्या एका सोमवारी दुपारी दीडला, म्हणजे त्याच्या सकाळी नऊला, ते गाणं चारशे डीजेंना जाणार होतं. त्यानंतर फाइल बदलता येणार नव्हती. म्हणून आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, मी श्रेयसला फोन केला.

"साउंडचेकमध्ये दोन मिनिटं दे."

"दोनच हां," तो म्हणाला. "आज स्पॉन्सर येणारेत."

बारा वाजता क्लब रिकामा होता. खुर्च्या उलट्या टेबलांवर. मी पेनड्राइव्ह लावला. सुरुवातीचे ड्रम असे कुरकुरीत आले की काउंटरमागे ग्लास पुसणारा माणूस थांबला. मग ती जागा आली जिथे सगळं थांबतं आणि बेस पडतो.

पडला नाही.

ड्रम चालू, आवाज चालू, खाली काही नाही. जेवणाच्या ताटात मीठ, लिंबू, चटणी वाढलीय आणि भातच नाही. मी आवाज वाढवला, मिक्सरच्या पट्ट्या खालीवर केल्या. काही नाही. त्याच सिस्टिमवर श्रेयसनं त्याचं गाणं लावलं आणि छातीत धाडकन बसलं. म्हणजे सिस्टिम ठीक होती. गंडलं होतं ते माझं गाणं.

"छान आहे गं," श्रेयस मोबाइल बघत म्हणाला. "जरा पोकळ आहे. पण पहिलंच ना. तुझ्या पप्पांच्या मिरवणुकीच्या ट्रकवर मस्त वाजेल."

"पप्पांचा ट्रक तुझ्या क्लबपेक्षा मोठा आहे."

"चिडतेस काय? मी चांगलंच म्हणतोय."

हेच ते. हे लोक नेहमी चांगलंच म्हणतात. एप्रिलमध्ये जयंतीला आमच्या वस्तीत स्पीकरचे बॉक्स लागले की यांना ध्वनिप्रदूषण आठवतं, आणि तोच बेस इंग्लंडहून आला की कल्चर. मी पेनड्राइव्ह काढला आणि निघाले. मेट्रोत घाटकोपरपर्यंत मला एकच दिसत होतं: चारशे डीजे चारशे क्लबांत माझं गाणं लावतायत आणि चारशे वेळा खाली भोक.

माझे पप्पा, भाऊराव, साउंडवाले. देवनारला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा सगळा संसार: बेसचे बारा बॉक्स, वर ठेवायचे टॉप, ॲम्प्लिफायर, वायरींची भेंडोळी. पुढच्या आठवड्यात चौदा एप्रिल होता, म्हणून ते एकेक बॉक्स तपासत बसले होते. त्यांची तपासायची पद्धत जुनी आहे. पेन्सिल सेल घ्यायचा, स्पीकरच्या दोन वायरींना क्षणभर टेकवायचा. पडदा बाहेर उडाला तर वायर सरळ. आत गेला तर उलटी.

"तोंड का पाडलंस?" त्यांनी विचारलं.

"बेस गेला, पप्पा."

"कुणाचा?"

"माझ्या गाण्याचा. हेडफोनवर ढीग आहे, क्लबात शून्य."

त्यांनी दोन बॉक्स जोडले, माझा लॅपटॉप लावला. तेच. ड्रम आले, बेस गायब. त्यांनी मान वाकडी करून एका बॉक्सवर तळहात ठेवला, जसं तापलेल्या पोराचं कपाळ बघतात. मग लॅपटॉपकडून येणाऱ्या दोन पिनांपैकी एक उपटली.

बेस आला. पत्रे थरथरले, वरून धूळ पडली.

त्यांनी ती पिन परत लावली आणि दुसरी उपटली. परत बेस आला. दोन्ही लावल्या, गेला.

"उलटी वायर," पप्पा म्हणाले. "माझी नाही. तुझ्या गाण्यातली."

"गाण्यात कुठे वायर असते, पप्पा?"

"ते तुला माहीत. माझ्या मशीनमध्ये डावा-उजवा एकच होतो, ट्रकवर काय करायचेत दोन. तुझा डावा पडदा ढकलतोय तेव्हाच उजवा ओढतोय. एकमेकांना खाल्लं दोघांनी. त्या अंधेरीच्या क्लबातपण बेस एकच करून सोडत असणार."

मी लॅपटॉपवर गाण्याचं प्रोजेक्ट उघडलं आणि मला माझ्याच कानाखाली मारावीशी वाटली. जानेवारीत मी बेसवर आवाज रुंद करणारं एक बटण दाबलं होतं. हेडफोनमध्ये बेस डोक्याभोवती फिरल्यासारखा वाटायचा, मी खूश. ते बटण एक बाजू उलटी करत होतं. हेडफोनमध्ये दोन्ही कान वेगळे, म्हणून कळलंच नाही. तीन महिने मी खोट्या बेसवर खूश होते, आणि वर त्या माणसाला लिहिलं होतं की क्लबात वाजवून बघितलंय.

बटण काढलं. बेस मधोमध आणला, एकच, सरळ. "सगळे लावा," मी म्हटलं. पप्पांनी बाराही बॉक्स जोडले.

काय सांगू. समोरच्या गल्लीतून शकुमावशी हातातलं लाटणं घेऊन बाहेर आली आणि ओरडायच्या आधी तिची मान हलली. पप्पा बॉक्सवर हात ठेवून उभे होते. गाळलेला ठोका आला की त्यांचं बोट उचललं जायचं, आणि बेसबरोबर खाली. तिसऱ्या फेरीला त्यांना ती जागा आधीच कळायला लागली.

"हा ठोका मुद्दाम खाल्लास?"

"मुद्दाम."

"हरामी आहेस," ते म्हणाले आणि हसले. एवढं कौतुक त्यांनी माझ्या डिग्रीचंही केलं नव्हतं.

मी तिथेच जमिनीवर बसून लेबलवाल्याला मेल लिहिला. क्लबात वाजवलंय हे मी खोटं बोलले होते. आज खरंच वाजवलं, बेस गायब होता, चूक सापडली, नवी फाइल जोडली आहे. पाठवायला बोट उचलेना. तो म्हणाला असता, खोटारडी, नको तुझं गाणं, तर गेलं. पण पोकळ गाण्यावर माझं नाव मला नको होतं. पाठवलं.

उत्तर चाळीस मिनिटांनी आलं. फाइल तपासणाऱ्या आमच्या माणसालाही कळलं नाही, लाज वाटते. फाइल बदलली. परत खोटं बोलू नकोस.

सोमवारी संध्याकाळी श्रेयसचा फोन. चारशेंत तोही होता.

"नीलम, हे तेच गाणं आहे? काल ऐकलं ते?"

"तेच."

"मी दुपारपासून सहा वेळा वाजवलंय. फायनल मास्टरिंग कुठे केलंस?"

"देवनारला."

"तिथे कुठला स्टुडिओ आहे?"

"पत्र्याचा आहे."

पलीकडे त्यानं गाणं परत सुरू केलं. मग म्हणाला, "रविवारची पार्टी मी यानंच उघडतो. आणि शुक्रवारची यादी पाठवशील ना?"

"नाही. रविवारी चार ते पाच मी वाजवणार. यादी माझ्याबरोबरच येईल."

"अगं असं कसं, मॅनेजरला विचारायला लागेल."

"विचार," मी म्हटलं. "आणि उद्यापर्यंत सांग. पप्पांना ऐकायला यायचंय, जयंतीच्या तोंडावर त्यांना ऐनवेळी बॉक्स सोडून निघता येत नाही."