मागितलेले दहा दिवस

बशीच्या अगदी कडेला एक लालसर ठिपका, गंजाच्या कणाएवढा — आणि तो पेशींचा पुंजका म्हणून धरायचा की सोडून द्यायचा, हे मायक्रोस्कोपला डोळे लावून बसलेल्या तिला काही केल्या ठरवता येईना. छत्तीस पुंजके मोजून झाले होते. मान अवघडली होती. खिडकीबाहेर इस्पितळाच्या आवारात कुणीतरी गाडी मागे घेत होतं, थांबत होतं, परत घेत होतं...

वीस वर्षं ती हेच मोजत आली होती. मूळपेशी दुभंगली की एखादी रक्त होऊन जाते — तांबडी, पांढरी, शरीराला हवी तशी — आणि एखादी मूळपेशीच म्हणून मागे राहते. सगळ्याच गेल्या तर रक्त काही दिवस भरभरून बनतं आणि मग झरा आटतो. सगळ्याच मागे राहिल्या तर रक्तच नाही. हा तोल पेशी कसा सांभाळतात, ते शोधणं तिचं काम. भावाच्या पलंगाशी बसून तिनं त्याला हे समजावलं होतं, तेव्हा तो, तिच्याहून सहा वर्षांनी धाकटा, औषधांनी तुळतुळीत झालेल्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला होता, "म्हणजे आमच्या ऑफिससारखंच की. सगळे बढती घेऊन गेले की फाइल कुठे ठेवलीय ते सांगायला कुणी उरत नाही."

त्याच्या रक्तात तिच्याच मूळपेशी सोडल्या होत्या. विसाव्या दिवशी त्या हाडांत रुजल्याचं कळलं. मग चार महिन्यांनी आकडे घसरायला लागले, आणि डॉक्टर म्हणाले, पुन्हा द्याव्या लागतील. तिचा प्रयोग शेवटच्या टप्प्यात होता, दोन वर्षांचं काम, मध्ये सोडलं की वाया... मी नाही म्हटलं नव्हतं, ती स्वतःला सांगे. मी फक्त विचारलं, दहा दिवसांनी चालेल का? डॉक्टर क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, चालवून घेऊ. त्यांचं ते गप्प राहणं मला ऐकू आलं होतं — आलं होतंच. त्या दहांतल्या सातव्या दिवशी त्याला ताप भरला. नवव्या दिवशी तो गेला.

"ताई, येऊ का आत?"

दारात भावजय उभी होती. जंतूंच्या भीतीनं चपला बाहेर काढून, अनवाणी.

"अगं, ये ना. चपला घाल, फरशी गार आहे."

"ह्यांच्या कागदांच्या प्रती न्यायला आले होते खाली. म्हटलं, डोकावून जावं." ती स्टुलावर टेकली. पर्सचा बंद उघडला, लावला. "एक विचारू? खरं सांगाल?"

वर्षभर ती या प्रश्नाची वाट बघत होती. आंघोळ करताना, जिना चढताना उत्तर घोकत होती.

"त्यांनी ते दहा दिवस मागितले नसते, तर वाचले असते का हो?"

"त्यानं?"

"मग काय! तुम्ही एका पायावर तयार होतात. हेच म्हणाले, मला जरा दम घेऊ दे, मीच सांगितलंय ताईला. मी भांडले, हातापाया पडले. पण ऐकतील तर शपथ." तिचा आवाज बारीक झाला. "लेक विचारते, बाबा असं का म्हणाले? काय सांगू? मला त्यांचा इतका राग येतो, ताई... मेलेल्या माणसाचा राग येतो."

ते मीच मागितले. तीनच शब्द होते, जिभेच्या टोकाशी आलेले.

"तसं सांगता येत नाही गं," ती म्हणाली. "पहिल्या वेळी रक्त बनलं, पण मागे टिकणाऱ्या पेशी कमी पडल्या. दुसऱ्या वेळीही तसंच झालं असतं... कदाचित."

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

भावजयीनं तिच्या हातावर हात ठेवला. "तुम्ही नका मनाला लावून घेऊ. तुम्ही तुमचं केलंत." आणि ती उठून गेली. बाहेर चपला घातल्याचा आवाज, मग लिफ्टचा.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून त्यानं ते स्वतःवर घेतलं — बरा होईन तेव्हा बायकोची समजूत काढू, असा हिशेब असेल त्याचा. नणंद-भावजयीत वितुष्ट कशाला... वर्षभर ती मनातल्या मनात त्याची माफी मागत आली होती, आणि तो उत्तर देऊ शकत नव्हता, यात एक आसराही होता. आता उशीर झाला, या तीन शब्दांच्या आडोशानं ती जेवली होती, झोपली होती, कामावर आली होती. आणि आता भावजय फार तर आवाराच्या फाटकापर्यंत पोचली असेल. हाक मारली तर ऐकू जाईल. फोन तर हाताशीच आहे. उशीर झालेला नव्हता. आजही नाही, उद्याही होणार नाही — आणि हे लक्षात आलं तेव्हा तिला पहिल्यांदाच, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, दुःख नव्हे, भीती वाटली.