न तुटणारी तार

तात तुटली तर हसायचं आणि तार तुटली नाही तर घाबरायचं, हे वाद्यांच्या दुकानातलं पहिलं शहाणपण बाबांनी दोन्ही मुलींना शिकवलं. आणि दुकानात पहिली माती खाल्ली तीही बाबांनीच.

एका बड्या गिऱ्हाइकाला आवाज मोठा हवा होता. वाद्य ल्यूटच्या जातीचं, फुगीर पोटाचं, वरची लाकडी तबली पापडासारखी पातळ. आतड्याच्या तातींसाठी घडवलेलं. बाबांनी मान डोलावली, तातीच्या जागी पोलादी तार चढवली आणि थोरलीला म्हणाले, “लाव गं सूर.” थोरली तेव्हा परकरातली पोर. तिनं घरच्या रीतीप्रमाणे गाल वाद्याच्या काठाला टेकवला, कारण या घरात सूर कानानं नाही, हाडानं ऐकायचा. मग खुंटी पिळली. तार तुटली नाही. तारेला खालून धरून ठेवते ती घोडी, सरसानं चिकटवलेली बोटभर लाकडाची पट्टी, तीच तबलीपासून उखडली आणि उडाली. थोरलीचा डावा डोळा तेव्हापासून उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा आहे. गिऱ्हाइकाला दुसरं वाद्य मिळालं. बड्यांना नेहमीच दुसरं मिळतं.

बाबा गेले, दुकान थोरलीकडे आलं. ज्या वाद्यानं डोळा घेतला ते दुरुस्त होऊन धाकटीकडे आलं. धाकटीचा हात गोड. मास्तरांच्या ताफ्यात ती मागच्या रांगेत वाजवायची, आणि आज संध्याकाळी पहिल्यांदा पुढं बसून एकटी वाजवणार होती.

सकाळी ती दुकानात शिरली ती चप्पल न काढताच.

“पुन्हा तुटली,” तिनं वाद्य टेबलावर ठेवलं. “सगळ्यांसमोर. मास्तर म्हणाले, तुमच्या वाद्याला दमा झालाय का?”

“सुराची पट्टी कुणी वर नेली?”

“मास्तरांनी. हॉल मोठा आहे, आवाज चमकायला हवा म्हणे.”

“त्यांना म्हणावं, स्वतः टाचा उंचावून उभे राहा. तेवढीच चमक.”

धाकटी हसली नाही. थोरलीनं तुटलेल्या तातीचं टोक बोटांत फिरवलं. पिंजल्यासारखं झालं होतं, वेणीतून सुटलेल्या केसांसारखं. त्या लांबीची तात त्या सुरावर तुटणारच. बारीक असो की जाड, तुटायची जागा तीच. जाड तात उशिरा तुटते हा अडाण्यांचा समज. ती तुटते त्याच सुरावर, फक्त तोवर घोडीला जास्त ओढते. हे धाकटीलाही पाठ होतं. एकाच मांडीवर शिकल्या होत्या दोघी.

“तार लाव,” धाकटी म्हणाली. “पोलादी.”

थोरली तातीचं टोक फिरवतच राहिली.

“ऐकलंस ना ताई?”

“बहिरी नाही मी. एवढंच एक धड आहे.” थोरलीनं तात खाली ठेवली. “चिमे, तात तुटते म्हणून वाद्य जगतं. कुणीतरी तुटायलाच हवं. तात तुटली की भांडण तिथंच मिटतं. तार नाही तुटली की…”

“ठाऊक आहे. लहानपणापासून तुझा डोळा बघतेय, मला नको सांगूस. ही घोडी बाबांनी नंतर नव्यानं बसवलीय, दुप्पट सरस घालून. आणि मास्तर काय म्हणाले सांगू? सूर चढत नसेल तर बदलू.”

“वाद्य?”

“बाई.”

थोरलीच्या तोंडात शिवी आली, ती तिनं गिळली. उगीच गिळली. दिली असती तर निदान हात थांबले असते.

“खालच्या सुरात वाजव.”

“एकटीच खाली? सगळा ताफा वर आणि मी विहिरीत?” धाकटीचे डोळे भरले, आणि भरलेल्या डोळ्यांनीच तिनं टोचलं, “तुझा एक डोळा गेला ताई, पण भीती मात्र तू दोन्ही डोळ्यांनी बघतेस. बाबा गेले, तुझं लग्न राहिलं, दुकानाच्या बाहेर पाय टाकला नाहीस. आता मलाही मागच्या रांगेत पुरून ठेव.”

हे लागलं. भित्र्या माणसाला भित्रं म्हटलं की तो एक तर रडतो किंवा नको ते धाडस करतो. थोरलीनं खणातून तारेचं वेटोळं काढलं. सोबतीला खालच्या सुरांच्याही तारा निवडल्या, वरची तार जाड नको म्हणून हट्टानं त्यातल्या त्यात बारीक घेतली. गाठ मारली, खुंटीत ओवली, अर्ध्या उंचीपर्यंत ताणली. एक गोष्ट मात्र केली नाही. घोडीच्या मागच्या कडेखाली कागदाची पट्टी सरकवून बघायची असते; आत गेली तर सरस सुटलाय. ते करायला तिचा हात गेला होता. पण धाकटी बघत होती, ओठाच्या कोपऱ्यात हसत होती, आणि थोरलीनं हात मागं घेतला.

“वरचा सूर तिथं जाऊन लाव. हळूहळू.”

“जगलीस, भित्रे!” धाकटीनं तिच्या खांद्यावर थाप मारली आणि वाद्य छातीशी धरून गेली.

दुपारी थोरली टेबल पुसायला आली. कापडावर, जिथं वाद्य उपडं ठेवलं होतं तिथं, पिवळे कण पडले होते. साखरेपेक्षा बारीक, काचेसारखे. तिनं बोट ओलं करून एक उचलला, चिमटीत चोळला. चिकटला. जिभेला लावला. सरस.

सरस असा भुकटी होऊन गळतो तो आतून तडकल्यावरच. म्हणजे घोडी सवयीनं उभी होती, भिंतीला टेकून झोपलेल्या म्हाताऱ्यासारखी. आणि त्यावर तिनं, तिनं स्वतःच्या हातानं, न तुटणारी तार बांधली होती. वर स्टेजचे दिवे. त्या उष्णतेत धड सरससुद्धा मऊ पडतो.

तिनं फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तालमीत फोन चालू दिसला तर मास्तर माणसाची अब्रू काढतात.

तिनं चपला पायात सरकवल्या. रस्त्यावर डावी बाजू तिच्यासाठी नव्हतीच. तिकडून येणारी गाडी तिला आवाजानं कळायची, आणि आज कानात फक्त स्वतःचं रक्त वाजत होतं. एक ड्रायव्हर ब्रेक दाबून ओरडला, “आंधळी आहेस का?” “अर्धी!” ती ओरडली आणि पळाली. डोळ्यांपुढं एकच चित्र. धाकटीचा गाल. वाद्याच्या काठाला टेकलेला, घोडीच्या समोर, वीतभर अंतरावर. बाबांनी तिलाही तसंच शिकवलं होतं. एकीचा डोळा गेल्यावरसुद्धा घरातली रीत बदलली नव्हती. रीती अशाच असतात, माणूस जातं, त्या राहतात.

हॉलच्या दारावरचा माणूस स्टुलावर बसून दात कोरत होता.

“आत तालीम चालू आहे, बाई.”

“म्हणूनच आलेय. कार्यक्रमाला आले असते तर उशीर झाला असता.”

तो अर्थ लावेपर्यंत ती आत होती.

सगळे दिवे पेटलेले. ताफा अर्धगोलात, मधोमध धाकटी, आणि तिच्या डोक्याशी उभे मास्तर, हात मागं बांधून.

“वर,” मास्तर म्हणाले. “अजून वर.”

धाकटीनं मान वाकवली. गाल काठाला टेकवला. डोळे मिटले. खुंटीवर बोटं वळली.

थोरलीच्या घशापर्यंत हाक आली आणि तिथंच तिनं ती दाबली. ओरडलं तर धाकटी दचकणार. दचकली तर हाताला झटका बसणार. तो झटकाच पुरेसा होता. ओरडायचंही नाही, धावायचंही नाही. म्हणून ती चालली. खुर्च्यांच्या मधून, लग्नात उशिरा आलेल्या बाईसारखी, हळू. तारेचा सूर चढत होता आणि त्याखाली तिला दुसरंही काही ऐकू येत होतं. टक्. लाकडाचं, अगदी बारीक. बाकी कुणालाच ते ऐकू येत नव्हतं. की तिला भास होत होता? स्टेजची पायरी डावीकडे होती, ती दिसली नाही, नडगी आपटली. ओठ चावून ती वर चढली.

“अजून. मेलंय का ते?” मास्तर म्हणाले.

थोरलीनं घोडी आणि बहिणीचा चेहरा यांच्यामध्ये आपला तळहात घातला. हाताची मागची बाजू धाकटीच्या गालाला लागली.

“चिमे, दचकू नकोस. मी आहे. खुंटी उलटी फिरव. हळू.”

“ताई?” धाकटीनं डोळे उघडले. “अगं, वेडी झालीस? सगळे बघतायत.”

“बघू देत. उलटी.”

“या कोण?” मास्तरांनी विचारलं.

“हिची बहीण. तुम्ही जरा मागं सरका. नाहीतर तुमच्याही डोळ्यांची जबाबदारी माझ्यावर यायची, आणि मला ती नको.”

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकलं. धाकटी संतापानं लाल झाली होती. पण गालाला टेकलेला तो हात थरथरत होता, हुडहुडी भरलेल्या माणसाच्या दातांसारखा, आणि ते तिला हाडात ऐकू येत होतं. याच रीतीनं ती सूर ऐकायला शिकली होती. तिनं खुंटी उलटी फिरवली. तार रडत रडत खाली आली.

“ज्यांचं वाद्य धड आहे त्यांनी पुढं या,” मास्तर म्हणाले. मागच्या रांगेतली एक बाई लगेच उठली.

धाकटी रस्ताभर दहा पावलं पुढं चालली. दुकानाच्या पायरीवर बोलली. “काही झालं नसतं.”

“नसतंही झालं.”

“माझी जागा गेली, ताई. तुझ्या भीतीपायी.”

“हो.”

थोरलीनं वाद न घातल्यामुळे ती जास्तच चिडली. आत गेली, वाद्य टेबलावर आदळल्यासारखं ठेवलं, पिशवीतून कार्यक्रमाची जाहिरात काढून तिची पट्टी फाडली आणि घोडीच्या मागच्या कडेखाली सरकवली. तुझी भीती खोटी हे दाखवायलाच. पट्टी आत गेली. अजून गेली. अडली नाही. समोरच्या कडेतून तिचं टोक बाहेर आलं.

धाकटी स्टुलावर बसली. बराच वेळ तिनं एका हातानं आपला डावा डोळा झाकून धरला होता.

“तार मीच बांधली होती,” थोरली म्हणाली. “कागद न लावता. तू हसशील म्हणून.”

“मी हसले होते,” धाकटी म्हणाली.

जुना सरस खरवडून काढला, नवा शिजवला, घोडी दाबून ठेवली, सुकू दिली. मग थोरलीनं तातीच निवडल्या, आणि वरची तात तुटायच्या जागेच्या बरीच अलीकडे राहील इतका सूर खाली घेतला. धाकटी सूर लावायला बसली. सवयीनं मान वाकली, गाल काठाला टेकला. थोरलीचा तळहात मध्ये आला.

“हात काढ. घुमतंय, नीट ऐकू येत नाही.”

“नको येऊ दे.”

“तात आहे ही, ताई. तुटेल फार तर.”

“लाव तू सूर.”

धाकटी खुंटी पिळू लागली. जरा वेळानं म्हणाली, “माझ्या जागी बसलेल्या त्या बाईच्याही तातीच आहेत. आणि पुढच्या कार्यक्रमासाठी मास्तरांनी तिलाही तार चढवायला सांगितलीय. ती उद्या इथंच येणार आहे.”

थोरलीनं टेबलावरचं तारेचं वेटोळं उजव्या हातानं उचलून खणात टाकलं, खणाला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. डावा हात तिथंच होता, बहिणीच्या डोळ्यासमोर.